लाभार्थी मनोगत

गुरुवारी माझे तास लवकर संपायचे आणि गुरुवारीच बाबांच्या क्लबची सभा असायची. त्यामुळे उल्हासनगरच्या कॉलेजातून बदलापूरला घरी जाताना मी मध्ये अंबरनाथला उतरून आई-बाबांकडे जायचे, आणि तिथून बाबांबरोबर सभेला. त्या गुरुवारीही गेले. आईनं वालाची उसळ केली होती. बाबा गॅलरीत उभे राहून शर्टाची बटणं लावत होते आणि मधूनमधून घसा खाकरत होते. सभेच्या शेवटी आभार मानायचं काम त्यांचं, आणि ही त्याची तयारी. मुद्दे ते कधी लिहून काढत नसत, फक्त घसा साफ करून ठेवत.

"आज वक्ता कोण?" मी विचारलं.

"सर्पमित्र आहे. संतोष म्हणून, मोरिवलीचा."

"साप आणणार आहे का?" आईनं आतून विचारलं.

"नाही म्हणालाय."

"म्हणेल तसं. तुम्ही पाय वर घेऊन बसा."

अंबरनाथ पश्चिम नागरिक क्लब असं त्यांच्या क्लबचं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात दुकानदार, निवृत्त माणसं, एक-दोन डॉक्टर, विम्याचं काम करणारे, अशी तीस-पस्तीस मंडळी. सभा भरते एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. बाकं मुलांच्या मापाची, त्यामुळे शहरातली प्रतिष्ठित माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतात, आणि भिंतीवरच्या आंबा, केळं, सीताफळ यांच्या चित्रांखाली रक्तदान शिबिराची चर्चा होते. अध्यक्षांच्या टेबलावर एक पितळी घंटी असते. ती वाजली की सभा सुरू, ती वाजली की सभा संपली.

या वर्षी अध्यक्ष होते नानिक तलरेजा. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये त्यांचं प्लायवुडचं दुकान आहे. मराठी ते गिऱ्हाइकांकडून शिकले, म्हणून त्यांच्या मराठीला नेहमी थोडी भाव करण्याची लय असते.

"मी जास्त बोलणार नाही," ते उठून म्हणाले. "माझी मिसेस बोलते, नानिक, तू बोलायला लागला की दुकानातला प्लाय पण वाकडा होतो."

संतोषनं विषारी आणि बिनविषारी साप कसे ओळखायचे ते सांगितलं. प्रोजेक्टर मध्येच बंद पडला, तेव्हा त्यानं फळ्यावर खडूनं घोणस काढली. ती अजगरासारखी झाली. मग एकानं विचारलं, "नाग दूध पितो का?" दुसऱ्यानं विचारलं, "बायको पिऊ देते का?" अशी सभा चालली होती. शेवटी नानिकभाई म्हणाले, "अब धाडवेसाब."

कुठल्याही कार्यक्रमात 'आता आभारप्रदर्शन' म्हटलं की खुर्च्या सरकायला लागतात, पिशव्या शोधल्या जातात, मागची रांग वड्याच्या वासाकडे निघते. चित्रकलेच्या त्या वर्गात बाबा उभे राहिले की कोणी उठत नसे. आपलं नाव कधी येईल याचा नेम नसायचा. 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' हे शब्द त्यांनी कधी वापरले नाहीत. अज्ञात कोण आहे ते आधी जाऊन बघायचं, असा त्यांचा खाक्या.

"संतोषनं आज आपल्यावर दोन उपकार केले," बाबा म्हणाले. "साप चावला तर काय करायचं ते सांगितलं, आणि साप आणला नाही. दुसऱ्या उपकाराबद्दल आमच्या घरून खास निरोप आहे." हशा झाला. "उद्या पाणी बंद आहे. म्हणून शाळेच्या कौसाबाईंनी दुपारीच पिंप भरून ठेवलं. आत्ता आपण प्यायलो तो चहा त्या पिंपातला. कौसाबाई, तुमचे आभार. नानिकभाई खरंच जास्त बोलले नाहीत, त्यांचेही आभार."

दाराशी उभ्या असलेल्या कौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. नानिकभाईंनी हात जोडले. घंटी वाजली.

सुजित, माझा नवरा, मोटरसायकल घेऊन शाळेच्या फाटकाशी आला होता. बाबा त्याला म्हणाले, "वडा खाऊन जा." तो म्हणाला, "उशीर होईल, बाबा." मला म्हणाले, "पोचलीस की मिस्ड कॉल दे." मी दिला.

शुक्रवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन गॅलरीत बसले. आई पेपर द्यायला गेली तेव्हा ते गेलेले होते. कप खाली पडलाही नव्हता, शेजारच्या स्टुलावर ठेवलेला होता.

पुढचे दिवस मला नीट सलग आठवत नाहीत, पण माणसं आठवतात. मी बदलापूरहून पोचले त्याआधी खाली खुर्च्या मांडून झाल्या होत्या. नानिकभाई जिन्याशी उभं राहून फोनवर कोणाला तरी पत्ता सांगत होते. क्लबचा सेक्रेटरी सुयोग, ठाण्याला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा, ऑफिसला न जाता नगरपालिकेत दाखल्यासाठी बसून होता. कौसाबाई आईजवळ होत्या. आईचे केस त्यांनी विंचरून दिले, एवढंच मी पाहिलं. नंतरच्या दिवसांत घरात चूल पेटवायची नव्हती, तर रोज दुपारी आणि संध्याकाळी कुठल्या तरी दारातून डबा येत राहिला. नानिकभाईंच्या घरून कोकी यायची, कांदा-मिरची घातलेली ती जाड सिंधी पोळी. आईला चावायला जड जाते हे त्यांच्या मिसेसच्या लक्षात आलं, मग त्या तव्यावरच कुस्करून, वर तूप सोडून पाठवायला लागल्या.

मी त्यांना जिन्यात गाठून म्हटलं, "काकू, तुमचे फार उपकार आहेत."

"पागल है क्या," त्या म्हणाल्या. "डबा रिकामा दे. धुवू नको."

सुयोगला म्हटलं, तर तो म्हणाला, "ताई, प्लीज. असं बोललात तर मी यायचा बंद होईन." कौसाबाईंना काही म्हणायची सोयच नव्हती. त्या माझं वाक्य सुरू झालं की उठून भांडी घासायला लागायच्या. मी भाषा शिकवते. वर्गात कृतज्ञता या शब्दावर अर्धा तास बोलू शकते. या दिवसांत मला ती ठेवायला कुठे जागाच मिळेना.

बाबांचंही याबाबत एक मत होतं. बाहेर ते इतके आभार मानत की क्लबात त्यांना आभारमंत्री म्हणायचे. घरात मात्र तो शब्द बंद. दहावीला असताना त्यांनी मला शब्दकोश आणून दिला, तेव्हा मी 'थँक्यू बाबा' म्हटलं, तर ते म्हणाले, "मी काय पुस्तकवाला आहे?" आई एकदा चिडून म्हणाली होती, "मांडववाल्याचे आभार मानता, बॅनर चिकटवणाऱ्याचे मानता. सकाळी पाचला उठून पोळ्या लाटणारी दिसत नाही."

"तुझे आभार मानले तर तू दारात उभी राहशील," बाबा म्हणाले. "दारातल्या माणसाचे मानतात आभार. तू आत आहेस."

"उत्तरं तेवढी बरी येतात," आई म्हणाली, पण तिचा राग गेला होता.

त्यामुळे आमच्यात कोणी कोणाचे आभार मानले नाहीत, आणि त्याचं कधी काही वाटलं नाही. मला बाबांचे फक्त एका गोष्टीसाठी मानायचे होते. चार वर्षांपूर्वी, मला सातवा महिना असताना, आमचं बाळ गेलं. मी दवाखान्यातून घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. लोक येत होते, बोलत होते. काहीजण चांगलं बोलत होते, तेही मला सहन होत नव्हतं. बाबा रोज संध्याकाळी अंबरनाथहून यायचे. येताना भाजी आणायचे. खुर्ची ओढून खिडकीशी बसायचे आणि भाजी निवडता निवडता बाजारात काय पाहिलं ते सांगायचे. फ्लॉवर किडका येतोय. कोथिंबीर कडाडली. शेपू छान आहे, पण तुला आवडत नाही म्हणून नाही आणला. बाळाबद्दल एक अक्षर नाही, माझ्याबद्दल नाही, देवाबद्दल नाही. निवडून झालं की भाजी सुजितच्या हातात द्यायची आणि 'बरं, उद्या येतो' म्हणून निघायचं.

एकदा मी भिंतीकडे बघतच म्हटलं, "आज गुरुवार ना?"

"गुरुवार?" ते म्हणाले. "बघ. विसरलोच."

तापातसुद्धा गुरुवार न चुकवणारा माणूस. तो सबंध पावसाळा ते क्लबला गेले नाहीत. तिथे त्यांनी 'घरी काम आहे' एवढंच सांगितलं होतं. मग एका संध्याकाळी ते म्हणाले, "आज गवार आणलीय, पण जून निघाली." मी म्हटलं, "मग कशाला आणलीत?" कितीतरी दिवसांनी मी कोणाला उलट बोलले होते. ते हसले नाहीत की काही नाही. फक्त आत वळून म्हणाले, "सुजित, चहा टाक. हिच्यासाठी पण."

मी उठून बसले ती तेव्हा. हे मी त्यांना कधीतरी सांगणार होते. शब्द जमवत होते. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला वाटतं, योग्य शब्द सापडले की बोलू.

तेराव्यानंतर नानिकभाई आणि सुयोग घरी आले. चहा झाला, तब्येतीची चौकशी झाली. मग नानिकभाईंनी सुयोगकडे पाहिलं, सुयोगनं छताकडे पाहिलं.

"बोलो ना," नानिकभाई म्हणाले.

"तुम्ही अध्यक्ष आहात."

"तू सेक्रेटरी है." मग तेच म्हणाले, "सुरुची बेटा, बात अशी आहे. धाडवेसाब गेल्यानंतर आपले दोन गुरुवार झाले. आभार कोणी करत नाही. पहिल्या गुरुवारी डॉक्टर उठले, दोन शब्द बोलले, रडायला लागले. दुसऱ्या गुरुवारी कोणी उठलंच नाही. मी घंटी वाजवली, तर सगळे बसूनच राहिले. सभा संपली हे कोणाला समजेनाच."

"आणि आता रविवारी करंजपाड्याचं शिबिर आहे," सुयोग म्हणाला.

करंजपाडा हा बारवी धरणाच्या पलीकडचा डोंगरातला पाडा. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया क्लबनं एका धर्मादाय रुग्णालयात करवल्या होत्या. ते काम बाबांचं. माणसं शहरात यायला घाबरत, म्हणून बाबा गाडीत त्यांच्याबरोबर बसून यायचे आणि पट्टी सुटेपर्यंत वॉर्डच्या बाकावर बसून राहायचे. रविवारी त्या माणसांची तपासणी, चष्म्यांचं वाटप आणि राहिलेल्या डोळ्यांच्या तारखा ठरवणं, असं सगळं होतं.

"तिथे आभार तू मान," नानिकभाई म्हणाले. "त्यांची मुलगी आहेस. प्रोफेसर आहेस."

"नाही जमणार," मी म्हटलं.

"दो मिनट."

"काका, मदतीला येईन. काहीही सांगा, करेन. तिथे उभी राहून बोलणार नाही."

खरं कारण मला सांगता आलं नाही. त्या जागी उभी राहिले तर मांडववाल्याचे, चहावाल्याचे, डॉक्टरांचे आभार मी नीट मानले असते. एवढ्या सगळ्यांना तो शब्द दिला असता आणि ज्यांना द्यायचा राहिला त्यांचं काय, हे मला कळत नव्हतं.

नानिकभाईंनी आग्रह केला नाही. सुयोग म्हणाला, "मी बघतो. मला सवय नाही, पण बघतो."

ते गेल्यावर आई म्हणाली, "नको बोलूस. पण जा. नुसती घरात बसून माझं तोंड बघत असतेस."

रविवारी रुग्णालयाची गाडी, नानिकभाईंची गाडी आणि मागून एक टेम्पो, असे आम्ही निघालो. बदलापूर मागे पडलं, धरणाचं पाणी उजवीकडे दिसत राहिलं आणि मग रस्ता अरुंद झाला. पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंज्या घातल्या होत्या. मला डोळ्यांत थेंब घालायच्या बाटल्या वाटायचं आणि कधी किती घालायचे ते समजावायचं काम मिळालं. नव्या कामाचा एक फायदा असतो, हात गुंतले की विचार करायला वेळ मिळत नाही.

एक ठेंगणी म्हातारी काळा गॉगल लावून आली. मागे पोरांची रांग, 'हिरोईन आली, हिरोईन आली' करत.

"मुडदे," ती त्यांना म्हणाली, "तुमची आय हिरोईन." आणि माझ्यासमोर बसली. नाव बनूबाई. डावा डोळा झाला होता, उजवा राहिला होता. मी थेंबांचं सांगितलं ते तिनं ऐकलं नाही. गॉगल वर करून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू धाडव्याची पोर काय?"

"हो. कसं ओळखलंत?"

"नाक." मग माझ्या मागे, दाराकडे बघत म्हणाली, "बापूस नाय आला?"

तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा गेले, आजी."

"कुठं?"

तिनं परत माझ्याकडे पाहिलं आणि तिला समजलं. हातातली बाटली तिनं जमिनीवर ठेवली, परत उचलली.

"दवाखान्यात दोन दीस बोलत व्हता माझ्याशी," ती म्हणाली. "डोल्याला पट्टी, मना दिसंना काय. आवाजावरून वाटला, चांगला केसवाला मानूस हाय. पट्टी सोडली तं पयला तोच दिसला. हा टकला." तिनं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "मी हसले. तो पन हसला. डागतर बोलला, रडू नका, हसू पन नका, टाके हायेत."

मला हसू आलं आणि मग दुसरं काहीतरी येऊ लागलं, म्हणून मी पुढच्या माणसाला हाक मारली. बनूबाई उठून गेली नाही. माझ्या शेजारीच सतरंजीवर बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं गॉगल काढून पदरानं पुसला, नुसताच पुसत राहिली.

तपासण्या संपल्या आणि कार्यक्रम सुरू झाला. सुयोगनं माईक हातात घेतला. तो या वर्षीच सेक्रेटरी झाला होता, आणि शिबिराचा समारोप कसा असतो हे त्यानं बाहेरच्या कुठल्याशा क्लबच्या कार्यक्रमाचा मेसेज बघून ठरवलं होतं. स्वागत झालं, डॉक्टरांचे दोन शब्द झाले, बाबांसाठी सगळे उभे राहिले. मग तो म्हणाला, "यानंतर लाभार्थी मनोगत. बनूबाईंना मी विनंती करतो, त्यांनी क्लबविषयी आपल्या भावना व्यक्त कराव्यात."

त्याची काही चूक नव्हती. अशा कार्यक्रमांत हे असतंच. आमच्या क्लबात ते नव्हतं, कारण बाबा दर वेळी, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, ते गाळायला लावायचे. फार वर्षांपूर्वी एका माणसाला चाकाची खुर्ची दिली आणि त्याला माईक दिला. तो क्लबचे आभार मानत असताना त्याची मुलगी शाळेच्या गणवेशात समोर बसली होती. ती सबंध वेळ बापाकडे न बघता स्वतःच्या बुटांकडे बघत होती, असं बाबांनी मला सांगितलं होतं. त्यानंतर क्लबच्या कार्यक्रमात घेणाऱ्याला कधी माईक दिला गेला नाही. आभार क्लबनं मानायचे: तुम्ही आलात, डोळा आमच्या हाती दिलात, म्हणून तुमचे. हे सुयोगला सांगायला कोणी उरलं नव्हतं. बाकीच्यांना ते कधी कळलंच नव्हतं.

बनूबाई उभी राहिली. सुयोगनं माईक तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"बोला आजी," मागून क्लबचे एक गृहस्थ प्रेमानं म्हणाले. "डोळा कोणी दिला, सांगा."

"आधी दिसत नव्हतं, आता दिसतंय, एवढंच सांगा," दुसरे म्हणाले.

नानिकभाईंनी व्हिडिओ घ्यायला फोन वर केला. चष्मे लावलेली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. बनूबाईचे ओठ हलले, पण माईकमधून फक्त श्वास ऐकू आला. तासाभरापूर्वी तिला समजलं होतं की ज्याला ती ओळखत होती तो माणूस गेला. आता अनोळखी लोकांपुढे तिनं त्यांना मोठं म्हणायचं होतं. तिनं मान खाली घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. ठरवून उठले असं म्हणता येणार नाही. तिच्या हातातून माईक घेतला तेव्हा तिनं तो लगेच सोडला, गरम भांडं सोडावं तसा.

"बसा, आजी," मी म्हटलं. मग माईकमध्ये म्हटलं, "लाभार्थी मनोगत मी करते."

"ताई, तुम्ही आभाराला नाही म्हणालात ना..." सुयोग हळूच म्हणाला.

"आभार तूच मान. हे मला करू दे."

नानिकभाईंनी फोन खाली घेतला आणि खिशात ठेवला.

माझा आवाज मला ऐकू येत होता, शाळेच्या पत्र्यावरून परत येत होता. रोज वर्गात बोलणारी मी, पहिलं वाक्य कुठून सुरू करायचं ते मला सुचेना. मग मी समोरच्या कोणाकडे न बघता, शेवटच्या रांगेमागच्या मोकळ्या भिंतीकडे बघून बोलले.

"क्लबकडून मलाही मिळालंय," मी म्हटलं. "तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. चार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात धाडवेसाहेब गुरुवारच्या सभेला येत नव्हते. घरी काम आहे, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही कोणी विचारलं नाही काय काम. त्यांच्या जागेवर कोणाला नेमलं नाही. परत आले तेव्हा, कुठे होता म्हणाला नाहीत, 'उठा, आभार माना' म्हणालात. हे त्यांनीच मला सांगितलं, हसत. ते काम मी होते."

नानिकभाई खाली बघत होते. डॉक्टरांनी चष्मा काढला होता.

"माझं बाळ गेलं होतं. मी उठत नव्हते, जेवत नव्हते, बोलत नव्हते. ते रोज यायचे, भाजी निवडत बसायचे. त्यांनी मला कधी धीर दिला नाही. ऊठ म्हणाले नाहीत. तुम्ही तुमचे गुरुवार मला दिलेत, आणि मला ते परत द्यायला सांगितलं नाहीत. आत्ताही, गेल्या दिवसांत, तुम्ही आमच्या घरी जे केलंत त्याबद्दल मला बोलू दिलं नाहीत. आज माईक माझ्या हातात आहे, आज कोणाला उठून जाता येणार नाही."

कोणीतरी हसलं, बहुतेक सुयोग, आणि नाक ओढलं. बनूबाई खालून म्हणाली, "बोल तू."

माझ्याकडे आता एकच वाक्य उरलं होतं, आणि ते समोर बसलेल्या कोणासाठी नव्हतं. ते मोठ्यानं म्हणायचं की मनात, हे मी क्षणभर ठरवू शकले नाही. मनात मी ते खूपदा म्हटलं होतं. मग मी माईक तोंडापासून बाजूला घेतला आणि जसं घरात, समोर खुर्ची ओढून ते बसलेले असताना म्हटलं असतं, तेवढ्या आवाजात म्हटलं.

"बाबा, तुम्ही रोज येत होता म्हणून मी उठले. तुम्हाला आवडणार नाही, पण ऐका. मी तुमची आभारी आहे."